‘धर्मयुद्ध’ म्हणजे दोन धर्मांमधले युद्ध नव्हे

प्रश्न असा आला आहे: त्येपोलो या इटालियन चित्रकाराच्या एका चित्राची माहिती मराठीत लिहायची आहे. मूळ मजकुरात ‘लेट बरोक रिलिजस बॅटल पेंटिंग’ असे शब्द आहेत (बरोक ही सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपीय कलाशैली). त्यासाठी ‘उत्तर बरोक धर्मयुद्धचित्र’ चालेल का?

‘युद्धचित्र’ चालेल. ‘धर्मयुद्ध’ मात्र मी इथे वापरणार नाही.

क्रुसेडला आपण शाळेपासून ‘धर्मयुद्ध’ म्हणत आलो, म्हणून हा शब्द पटकन सुचतो. पण त्याचा जुना अर्थ निराळा आहे. महाभारतातल्या युद्धात दोन्हीकडे चुलतभाऊच होते, देव तेच, गुरूही तेच. तरी ते धर्मयुद्ध म्हटले गेले, कारण ते ठरलेल्या नियमांनी लढायचे होते. भीष्मपर्वाच्या सुरुवातीलाच दोन्ही पक्ष नियम ठरवतात: रथीने रथीशी लढावे, बेसावध असलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, निःशस्त्रावर वार करू नये. (ते पुढे किती पाळले गेले, हे आपल्याला ठाऊक आहेच.) गीतेतही ‘धर्म्याद्धि युद्धात्’ असे विशेषण आहे. धर्म्य म्हणजे धर्माला धरून असलेले. इथला ‘धर्म’ शेजारधर्मातला आहे, धर्मशाळेतला आहे. शेजारधर्म म्हणताना शेजाऱ्याचा पंथ कोणाच्या मनात येतो?

आता चित्र पाहू. जांबात्तिस्ता त्येपोलो हा व्हेनिसचा. जन्म 1696, मृत्यू 1770 मध्ये माद्रिदला. हे चित्र त्याने 1749-50 च्या सुमारास लंडनमधल्या स्पॅनिश वकिलातीच्या प्रार्थनागृहासाठी काढले. आज ते बुडापेस्टच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीन मीटरांहून उंच कॅनव्हास, आणि त्यात डोळ्यांत भरतो तो पांढरा घोडा. घोड्यावर संत याकोब, म्हणजे स्पेनचा सांतियागो. हातात तलवार, नजर मात्र वर आकाशाकडे. लढाई मागे दूरवर चालली आहे. घोड्यापाशी एक सावळा मूर योद्धा गुडघे टेकून आहे (मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये आलेले मुसलमान).

कथा क्लाविहोच्या लढाईची. 844 साली मूरांशी लढणाऱ्या स्पेनमधल्या ख्रिस्ती राजा रामिरोच्या सैन्याच्या मदतीला संत स्वतः पांढऱ्या घोड्यावरून धावून आला, अशी आख्यायिका आहे. ही लढाई झालीच नाही, असे आजचे इतिहासकार मानतात. पण तिच्यामुळे संताला बिरुद मिळाले ‘मातामोरोस’, म्हणजे मूरांना मारणारा. घडण आपल्या ‘महिषासुरमर्दिनी’सारखीच: कोणाला मारले ते आधी की नंतर, एवढाच फरक.

माझे मन अडते ते त्या गुडघे टेकलेल्या माणसापाशी. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात कोणाला मारू नये याची यादी आहे. तिच्यात ‘कृताञ्जलि’ म्हणजे हात जोडलेला येतो, ‘आसीन’ म्हणजे खाली बसलेला येतो, आणि ‘तवास्मि’, ‘मी तुझा आहे’, असे म्हणणाराही येतो. त्येपोलोचा मूर जवळजवळ या यादीतूनच उठून आल्यासारखा दिसतो. धर्मयुद्धात संताची तलवार इथेच थांबायला हवी. ती थांबणार की पडणार, हे चित्रकाराने सांगितलेले नाही, आणि मला तरी या चित्राची सगळी ताकद त्यातच वाटते. खाली ‘धर्मयुद्ध’ अशी ओळ लिहिली, तर वाचक एकतर क्रुसेड समजेल (ते हे नव्हे) किंवा नियमांचे युद्ध समजेल (तेही हे नव्हे). ‘धार्मिक आख्यायिकेवरचे युद्धचित्र’ असे सरळ लिहावे. थोडे लांबते, पण चुकत नाही.

‘उत्तर बरोक’बद्दल थोडेसे. ‘उत्तररात्र’, ‘उत्तरायुष्य’ यांत उत्तर म्हणजे नंतरचा, हे लगेच कळते, कारण शब्द जोडलेला आहे. तो सुटा लिहिला की ‘उत्तर भारत’ आठवतो आणि वाचकाला हा युरोपच्या उत्तरेकडचा बरोक वाटू शकतो. म्हणून ‘उत्तरकालीन बरोक’ लिहावे. त्येपोलोला बरोकनंतरच्या रोकोको शैलीत धरणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा तुमच्या मूळ मजकुरात जे असेल तेच ठेवा.

आणि ‘बरोक’चे मराठीकरण कृपा करून करू नका. हा शब्द पोर्तुगीज ‘बारोको’वरून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. बारोको म्हणजे गोल न जमलेला, वेडावाकडा मोती. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने असल्या बेढब मोत्यांसाठी नेमका हाच शब्द वापरला आहे. त्येपोलो जन्माला यायच्या 133 वर्षे आधी हा शब्द आपल्या किनाऱ्यावर छापून झाला होता.