नुसतं बघत बसलं तरी केस होते का?

प्रश्न: ताई, आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, मिस्टर मागावर कामाला आहेत. पगार झाला की मित्रासंगं पत्त्याच्या क्लबात जातात, म्हणतात मी खेळत नाही नुसतं बघतो. धाड पडली तर काय? आणि मटकेवाला उधारी मागायला दारात यायलाय, द्यावीच लागते का?

उत्तर: अहो नुसतं बघतो हे तिथं सहजासहजी चालत नाही. आपल्याकडं 1887 चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे, कलम 4 अड्डा चालवणाऱ्याला आणि कलम 5 तिथं सापडलेल्याला. डाव चालू असताना जो आत सापडला तो खेळायलाच आला होता असं कायदा धरून चालतो, नव्हता खेळत हे मग त्यानंच सिद्ध करायचं, आणि पत्ते, पैसे समोर पडलेले असताना ते किती अवघड जातं बघा. हे मिस्टरांना आजच शांतपणे सांगा, भांडून नको. टपरीवर, रस्त्यावर आकडा लावताना सापडलं तर कलम 12, तिथं पोलिसांना वॉरंटसुद्धा लागत नाही.

उधारीचं म्हणाल तर जुगारात हरलेले पैसे कोर्टात वसूल करता येत नाहीत, 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करार रद्दच धरतं. त्यामुळं घाबरून मंगळसूत्र गहाण ठेवू नका, कृपा करून. तो दारात येऊन दमदाटी करत असेल तर सरळ 112 लावा, आणि कोऱ्या कागदावर, चेकवर मिस्टरांची सही घेतलीय का तेवढं आधी विचारून घ्या, घेतली असेल तर लगेच वकिलाला गाठा.