घोडी मागचा खूर देत नाही, तंग आवळताना चावते

नमस्कार. तुमची काठियावाडी घोडी साधारण ३५० किलोची, इंदूरजवळच्या शेतावर दिवसभर बांधलेली, दोन वेळ चणे आणि बाकी गव्हाचा भुसा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळला की चावायला धावते, मागचा खूर धरला की झटका देते. तुम्ही तिला हट्टी म्हणता. मला यात दुखणं दिसतं, म्हणून चाबूक आधी बाजूला ठेवा.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, चारा असो वा नसो. चावताना सुटणारी लाळ त्याचा जोर कमी करते. दोन खाण्यांमध्ये आठ-दहा तास कोरडे गेले की जठराला व्रण पडू शकतात, आणि मग तंग सोसवत नाही. रोज ५ ते ७ किलो वाळलं गवत चार-पाच वेळा विभागून द्या, रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा. खोगीर घालण्याआधीही मूठ-दोन मुठी गवत खाऊ द्या. भुशावरच पोट भरलं आणि पाणी कमी पडलं तर आतड्यात गोळा अडकून शूळ उठतो. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात आणखी. चणे भिजवून, एका वेळी अर्ध्या किलोच्या आत. हा सगळा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आणि माळव्यात सहज मिळणारी ज्वारीची कोवळी चरी घोडीला नकोच. तिने मूत्राशय सुजतं, मागचे पाय लटपटतात.

आता खूर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात उभ्या घोड्याच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग सडतो. काळा चिकट मळ आणि कुजका वास आला तर तेच. रोज खूर कोरून साफ करा आणि उभं राहायला मुरुमाची कोरडी, उंच जागा करा. ओली जागा तशीच राहिली तर औषध कितीही लावा, सडणं परत येतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्या. वरातीच्या घोडीवाल्यांकडे चांगल्या नालबंदाचा पत्ता मिळतो.

दुखणं उतरल्यावर शिकवा. यात सगळं हात कधी सोडता यावर आहे. घोडी झटका देते, तुमचा माणूस घाबरून सोडतो; झटका दिला की सुटका होते, एवढं ती पक्कं शिकली आहे. खांद्याकडून जा, थेट मागून नाही, तिथे तिला दिसत नाही. पुठ्ठ्याला चिकटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हात मांडीवरून खाली नळीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या लांब हाडापर्यंत, न्या आणि हलकं दाबा. तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की लगेच हात काढा. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. पुढे खूर जमिनीपासून चार बोटं उचला, एक सेकंद स्थिर राहिला की तुम्हीच खाली ठेवा. झटका दिला तर शक्य तोवर हात पायासोबत जाऊ द्या, पण ओढाओढी करू नका. ती ताकदीत जिंकणारच. पाय बाहेरच्या बाजूला खेचू नका, सांधा दुखतो. दिवसातून दोनदा पाच मिनिटं.

रोज काही तास मोकळं फिरू द्या, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने. दोन-तीन आठवड्यांतही तंग सोसत नसेल तर इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दात, पाठ आणि पोट तपासून घ्या. खाणं थांबलं, जमिनीवर लोळते, वारंवार कुशीकडे बघते असं दिसलं तर मात्र त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.