कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि रेंजवरचे

प्रश्न : कळमना बाजारात माझी धान्याची अडत असून अनेकदा रात्री रोकड घेऊन घरी परतावे लागते. नुकताच शस्त्र परवाना मिळाला आहे. रोज जवळ बाळगता येईल, क्लबच्या स्पर्धेतही चालेल आणि वर्षानुवर्षे टिकेल असे रिव्हॉल्व्हर कोणते? दुकानदार हलके 'निर्भीक' सुचवतो, तर मित्र जड घ्यायला सांगतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या परवान्यावर ९ मिमी किंवा .३८ बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास; .३८, .३२ हे आकडे इंचांतले) मिळत नसल्याने निवड मुख्यतः .३२ पुरतीच उरते आणि टिकाऊपणाचा विचार करता आपल्या मित्राचे म्हणणे मला पटते. कानपूरला २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, त्यामुळे दिवसभर कमरेला त्याचे ओझे वाटत नाही. मात्र हलक्या शस्त्राचा धक्का हाताला अधिक बसतो आणि सराव कंटाळवाणा होतो. शिवाय ते जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरप्रमाणेच बिजागरीवर मधून मोडून भरावे लागते, आणि भरपूर गोळ्या झाडल्यावर ढिली पडते ती बहुधा ही बिजागरीच. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्व्हरचे गोळ्या भरायचे सहा घरांचे चक्र बाजूला उघडते, सांगाडा अखंड राहतो, वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. मी तेच घेईन.

दुकानात रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घोडा मागे ओढावा आणि चक्र बोटांनी हलवून पाहावे. सहाही घरांवर ते सारखेच घट्ट बसले पाहिजे. एखाद्याच घरावर खडखडत असेल, तर तो नग परत करावा. चक्र आणि नळी यांच्यामधील फट उजेडासमोर धरली असता सहाही वेळा सारखीच दिसावी.

स्पर्धेसाठी मात्र हे शस्त्र अपुरे पडेल. २५ मीटर सेंटर फायर या पिस्तूल नेमबाजीच्या प्रकारात चापाचा ताण किमान १००० ग्रॅम लागतो, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत चालते. 'प्रबल'ची नळी ७६ मिलिमीटरच आहे. नियम आडवा येत नसला, तरी अचूक नेमासाठी लांब नळी आणि नेम धरायची, हलवून जुळवता येणारी साइट हवी. नेमबाज जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. एवढी अचूकता कमरेच्या रिव्हॉल्व्हरकडून कोणी मागू नये. म्हणून आधी क्लबच्या शस्त्रावर सराव करावा, गोडी टिकली तर दुसरे घ्यावे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोन शस्त्रे ठेवता येतात.

नागपूरच्या मे महिन्यात घामाने काळ्या पॉलिशच्या पोलादावर आठवडाभरात तांबूस ठिपके येतात. रोज रात्री रिव्हॉल्व्हर चामडी म्यानातून काढून पुसावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि म्यान वेगळे वाळत ठेवावे.