कूलरचा षड्ज

महाल, नागपूर
नवतपाचा चौथा दिवस

प्रिय बेटा,

तू लॅपटॉपवर केलेले ॲम्बियंट संगीताचे, म्हणजे मागे नुसतं चालू राहणाऱ्या संगीताचे, चारही तुकडे ऐकले. उत्तराला तेरा दिवस लागले म्हणून रुसू नकोस, त्यातले दहा दिवस मी मुद्दामच काढले. का, ते पुढे सांगतो.

आधी नावांचं बोलू. ‘अंतर्मनाचा प्रवास’ आणि ‘शून्यात विलीन’ ही नावं आजच खोडून टाक. ऐकायला बसलेल्या माणसाला आधीच बजावून ठेवायचं की बाबा, आता तुला काहीतरी गहन वाटणार आहे, ही सरळ दमदाटी झाली. तिसऱ्याला तू नुसतं ‘फुटाळा, संध्याकाळ’ म्हटलंस. चौघांत तोच सगळ्यात चांगला आहे, आणि हा योगायोग नसावा.

आता दुसऱ्या तुकड्याकडे येतो. त्याच्यावर माझे दोन दिवस गेले. तू लिहिलंस, ‘काका, सगळे सूर बरोबर आहेत, तपासून पाहिले, तरी आंबट लागतं.’ लागतंच. मी हेडफोन लावून, डोळे मिटून बसलो आणि तुझ्या तानपुऱ्याच्या मागे काय आहे ते शोधत राहिलो. मागे वीज आहे. आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, तिची गुणगुण बहुधा १०० वर जास्त ऐकू येते. तुझा तानपुरा काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत, खालचा षड्ज ६९ हर्ट्झच्या जरासा वर. १०० ला ६९ नं भागून बघ. जो सूर येतो तो तीव्र मध्यमापेक्षा चढा आहे आणि पंचमापर्यंत पोचतही नाही. सहा मिनिटं तुझ्या मैफलीत एक पाहुणा दोन खुर्च्यांच्या मधोमध उभा आहे, आणि तू मात्र बसलेल्यांचे सूर तपासत बसलीस.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सगळेच सांगतील: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग कर, उरलेली गुणगुण ५०, १०० आणि १५० वर बारीक चिमटा काढून कमी कर. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. त्या गुणगुणीलाच षड्ज मान. १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या जरा वर, साधारण ३५ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). सिंथेसायझर तेवढा चढव, तानपुरा तिथे लाव, की तोच पाहुणा घरचा होतो. लाइनची फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे होते म्हणून घाबरू नकोस. ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते, एवढा फरक कानाला कळतही नाही.

आणि तू काळी एक काऊन घेतलीस? बायकांची पट्टी बहुधा काळी चार-पाच. फोनवर विचारलं तर म्हणालीस, ‘सहज बरं वाटलं.’ मी माझ्या कूलरसमोर बसून हिशेब केला. पंख्याला तीन पाती, मोटार पूर्ण वेगात मिनिटाला १४०० च्या आसपास फिरते. १४०० गुणिले तीन, भागिले साठ, म्हणजे ७० हर्ट्झ. काळी एक! गुढीपाडव्यापासून तू रोज ज्याच्यासमोर बसतेस, त्यानंच तुला पट्टी दिली असावी. तर्क आहे, शपथेवर सांगत नाही. पण आज संध्याकाळी लोकांचे एसी सुरू होऊन व्होल्टेज उतरलं की कूलरजवळ कान लावून बघ, त्याचा षड्जही उतरलेला असेल.

आता ते दहा दिवस. बऱ्याच वर्षांपूर्वी मी चाळीस मिनिटांचा एक तुकडा केला होता. पहाटे चारला खिडकीत मायक्रोफोन ठेवून गल्ली पकडलेली, वर लांबवलेला हार्मोनियमचा एक सूर, बस. महिनाभर त्याच्यावर राबलो. दहा सीड्या जाळल्या, नावं लिहिली, वाटल्या. एक घरी लावली. मी समोर डोळे मिटून बसलेलो, वहिनी आत मेथी निवडत होत्या. सव्विसाव्या मिनिटाला आतून आवाज आला, ‘भाऊजी, दोन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करता का?’ गॅसवर काहीच नव्हतं. शिट्ट्या माझ्या तुकड्यात होत्या, कुणाच्यातरी पहाटेच्या डब्याच्या. महिन्याभरात मी तो तुकडा शंभर वेळा ऐकला असेन, पण सलग एकदाही नाही. इथून अर्धा मिनिट, तिथून अर्धा मिनिट. आणि ऐकत होतो तेही मनातलं, स्पीकरमधलं नव्हे. ज्या बाईचं लक्ष मेथीत होतं तिला जे ऐकू आलं, ते डोळे मिटून बसलेल्या मला आलं नाही.

मी तुझ्यावर हेच केलं. एकदा ऐकून फाइली बंद केल्या, दहा दिवस हात लावला नाही. मग सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर अगदी हळू लावल्या, भांड्यांच्या आवाजात जेमतेम ऐकू येतील एवढ्याच, आणि तूर निवडायला बसलो. शेजारी एक कागद ठेवला. लक्ष डाळीतून उठून आवाजाकडे गेलं की घड्याळातली वेळ लिहायची आणि पुढे एक शब्द. ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असलं काही लिहायचं नाही. ‘टोचलं’, ‘दचकलो’, ‘थांबलो’, एवढंच.

हळू लावण्यामागे कारण आहे. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी पडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय. मोठ्यानं ऐकताना तुझा खर्ज सगळं सांभाळून घेतो. हळू केल्यावर तो निघून जातो आणि मागे उरतं ते खरं बांधकाम. या संगीताचा जन्मही तसाच झाला म्हणतात. १९७५ मध्ये ब्रायन ईनो हा ब्रिटिश संगीतकार अपघातानंतर अंथरुणात पडून होता. कुणीतरी हार्पची तबकडी आणून दिली. त्यानं कशीबशी लावली तर आवाज फारच कमी, एक बाजू बंद, बाहेर पाऊस, आणि उठून बटण फिरवायचं त्राण नाही. तसंच पडून ऐकता ऐकता त्याला उमगलं की संगीत खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं नुसतं असू शकतं. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. चार तारांचा तानपुरा मागे तासभर चालू असतो, तो कोण ऐकतं? आणि तो थांबला की कोणाला कळत नाही?

तर माझा कागद. पहिल्या तुकड्यावर नऊ वेळा लिहिल्यात, नऊच्या नऊ ‘टोचलं’. आणि त्यांच्यातलं अंतर बघ: आठ सेकंद, सोळा सेकंद, पुन्हा आठ. ती तुझी घंटी. घंटी वाईट नाही, पण आठ सेकंदांचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, त्यावर आठ सेकंदांचाच पॅड, म्हणजे मागे पसरलेला लांब सूर, त्यावर सोळाचा खर्ज. सगळे एकाच ठेक्यात पाय आपटतात. तिसऱ्या फेरीला कान ओळखून घेतो आणि चौथ्याची वाट बघत बसतो. वाट बघणारा माणूस डाळ निवडू शकत नाही. घंटी १७ सेकंदांची कर, पॅड २३ चा, खर्ज २९ चा. तिघं पुन्हा एकत्र सुरू व्हायला ११,३३९ सेकंद लागतील, म्हणजे तीन तास आठ मिनिटं एकोणसाठ सेकंद. तेवढ्यात अमरावतीला पोचून चहासुद्धा होईल. यात तुझी कारागिरी काही नाही, नुसती मूळ संख्यांची करामत आहे. पण एकदा लावून बघ, दोन सूर कधी एकमेकांवर पडतील हे तुला स्वतःलाच कळणार नाही. आपणच केलेल्या तुकड्यात आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याला दोष चटकन दिसतात.

चौथ्यावर एकदाही लिहिलं नाही. खूश होऊ नकोस. लक्ष गेलं नाही कारण जायला तिथे काही नव्हतंच. अकरा ट्रॅक आणि अकराही ट्रॅकवर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारखा आवाज, प्रत्येकी आठ-दहा सेकंदांचा. आपल्याकडे पोह्यांचं कसं असतं माहीत आहे ना, पोहे बिघडले की तर्री जास्त वाढायची. तू सगळीकडे तर्री ओतलीस. २०० ते ४०० हर्ट्झच्या मधे नुसता चिखल झालाय, कोण कुठे उभा आहे काही दिसत नाही. सगळे रिव्हर्ब बंद कर आणि कोरडे अकरा ट्रॅक ऐक. लाज वाटेल. मलाही वाटते, दर वेळी. कोरडेपणीही जो आवाज ऐकवतो तो ठेव. माझा अंदाज आहे की चार उरतील. मग एकच रिव्हर्ब, सगळ्यांना सामाईक, आणि त्याच्या परतीच्या आवाजातून २५० च्या खालचं कापून टाक.

लिमिटर लावून सगळं सारखंच मोठं करून ठासून भरलंस, तेही काढ. लग्नाचा डीजे आहे का हा? स्पॉटिफायसारखी सेवा अशा गोष्टी तशाही −१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवते. तू −१८ ला थांबलीस तरी कुणाचं काही अडत नाही.

फुटाळा तलावाच्या तुकड्यावर फक्त दोन वेळा लिहिल्या आहेत. एक ३:४० ला, ‘थांबलो’. पाण्याचा आवाज चाललाय, दुरून गाड्या, आणि मधेच कोण्या पोराचा आवाज, ‘भुट्टा घ्या, भुट्टा,’ दुसरा भुट्टा अर्धवट, वाऱ्यात गेलेला. तू लिहिलंस की तो काढायचा राहिला, माफ करा. खबरदार काढलास तर! एरवी मीही सांगतो की बोलण्याचा आवाज टाळावा, शब्द ऐकू आला की मन अर्थामागे धावतं आणि खोली मोडते. पण इथे डाळीवरचा माझा हात थांबला तो अर्थासाठी नाही. तोवर पाणी किती लांब आहे हेच मला कळत नव्हतं. त्या आवाजानं तलावाला काठ दिला. लक्ष वेधलं गेलं म्हणजे चूकच, असं नसतं. एकदा आलेलं लक्ष मोकळं होऊन परत जातं का, की दारात अडकून बसतं, एवढं बघायचं. घंटीशी अडकलं होतं. भुट्ट्यावरून परत आलं, आणि आल्यावर तलाव मोठा झाला होता.

दुसरी नोंद ६:१२ ला, ‘दचकलो’. तिथे एक लूप कापलेला आहे, शिवणीवर टच्‌ असा आवाज येतो. दहा मिलीसेकंदांचा क्रॉसफेड दे, म्हणजे एक टोक हळू करत दुसरं वर आण, जाईल.

मैत्रिणींना ऐकवलंस आणि सगळ्या ‘मस्त’ म्हणाल्या, म्हणून खट्टू झालीस. त्यांना ‘कसं वाटलं?’ विचारलंस तर दुसरं काय म्हणतील बिचाऱ्या? ‘कंटाळा कुठे आला?’ असं विचार. कंटाळ्याचं लोक खरं सांगतात.

आणि ते ‘माझ्याकडे धड सामान नाही’ प्रकरण. १९६९ साली अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून दिला, तेव्हा आपल्या देशात असं यंत्र बघायलाही तिथवर जावं लागलं असतं. त्या यंत्रात जे चालायचं त्यातलं बरंच तुझ्या लॅपटॉपवरच्या फुकटच्या वाइटल या सिंथेसायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सामान पुरेसं आहे. रेकॉर्डिंग तेवढं २४ बिटवर कर आणि पातळी खाली ठेव.

शेवटांबद्दल एक सांगायचं राहिलं. चारही तुकडे तू तीस सेकंदांत सरसकट हळू करत संपवलेस, सगळे आवाज एकदम, जणू कुणी दार लोटलं. परवा रात्री अडीचला आमच्या गल्लीतली लाइन गेली. जागाच होतो, या उकाड्यात झोप कुठली. वीस-बावीस कूलर एकाच क्षणी सुटले, पण थांबले आपापल्या वेळेनं. हलकी पाती पटकन बसली. समोरच्या वाड्यातला जुना पत्र्याचा कूलर सगळ्यात शेवटपर्यंत घरंगळत राहिला, सूर खाली, आणखी खाली, मग सूर राहिलाच नाही, नुसती एकेक पात्याची फडफड. मग तीही नाही. आणि मग वाळ्याच्या ताट्यांतून टाकीत पडणारं पाणी. थेंब. बराच वेळ काही नाही. थेंब. ते सगळी रात्र पडत असणार, मी महिनाभर ऐकलं नव्हतं.

फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. उठेपर्यंत लाइन आली.

चौथ्या तुकड्याचा शेवट तसा करून बघ. प्रत्येक आवाज वेगळा सोड, सूर उतरवत, ज्याच्या त्याच्या वजनानं. रविवारी प्रोजेक्टची फाइल घेऊन ये, रिव्हर्ब बंद करून. सातच्या आत ये, त्यानंतर मला कूलर लावावाच लागतो. आणि येताना पोहे आण, तर्री वेगळी बांधून.

तुझा,
काका