सोलापूरच्या उन्हात पहिली कुंडी

तुम्ही विचारलंय की फ्लॅटमध्ये राहता, आजवर एकही रोप लावलेलं नाही, आणि सोलापूरचं ऊन नि पाण्याचे हाल बघता यात खरंच आनंद मिळेल की मागे नुसती कटकट लागेल. मी जुळे सोलापुरात राहते, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते: आनंद मिळतो, आणि फूल यायच्या कितीतरी आधीपासून मिळतो. फक्त नर्सरीतलं सगळ्यात देखणं, महागडं रोप पहिल्यांदा आणू नका.

पानफुटी लावा. विकत घ्यायचीही गरज नाही, ओळखीत कुणाकडे तरी असतेच. एक जाडसर, निरोगी पान मागून आणा आणि ओलसर मातीवर नुसतं आडवं ठेवा, पुरू नका. काही दिवसांनी पानाच्या कडेच्या खाचांमधून पांढरी, केसासारखी मुळं डोकावतात. मग त्याच खाचेतून नखाएवढी दोन पानं. मूळ पान हळूहळू सुकतं आणि त्याच्या कडेची पिल्लं माती धरतात. हे सुरू झालं की सकाळी उठल्या उठल्या पाय आपोआप गॅलरीकडे वळतात. मला विचाराल तर बागकामाची गोडी लागते ती इथेच. शिवाय पानफुटी पानात पाणी साठवून ठेवते, त्यामुळे चार दिवस गावाला गेलात तरी काळजी नाही.

आता मातीचं. आपल्याकडची काळी माती ज्वारीला उत्तम, पण कुंडीत एकटी वापरू नका. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जातं. आपल्याला वाटतं भरपूर पाणी घातलं, आणि मुळं कोरडीच. तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, अधूनमधून खुरप्याने वरचा थर हलवा.

पाणी वेळापत्रकाने नको. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की दुपारी पानं मलूल होतात. तेव्हा घाबरून लगेच तांब्या उचलू नका. माती ओली असेल तर संध्याकाळी ती पानं आपोआप ताठ होतात. नळाला रोज पाणी येत नाही, तर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, ते मातीत साठत जातात.

घरात खिडकीजवळ मनी प्लांट, स्नेक प्लांट ठेवा, फार काही मागत नाहीत. गॅलरीत ऊन येत असेल तर सदाफुली, कोरफड, बोगनवेल. ही मंडळी आपल्या उन्हाला पुरून उरतात. सदाफुलीचं बी आपोआप पडून शेजारच्या कुंडीत रोप उगवतं, ते उपटू नका.

आणि मोगरा हवाच! संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की जानेवारीच्या शेवटी त्याची छाटणी करायची, शेणखत घालायचं, आणि निदान अर्धा दिवस तरी थेट ऊन मिळेल तिथे ठेवायचा. नव्या फुटीवरच कळ्या धरतात, म्हणून छाटताना हात आखडता घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये, बाहेर डोकं काढवत नाही तेव्हा, संध्याकाळी घरभर वास असतो.

पहिली लावणी शक्यतो जून-जुलैत करा. गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. पश्चिमेकडे असेल तर उन्हाळ्याआधी हिरवी जाळी बांधावी लागेल.