ऑफसेट : भरपाई, वळतं की वजा?

एका दूध संघाच्या वार्षिक अहवालाचं मराठी भाषांतर करणाऱ्या वाचकानं विचारलं आहे : ‘ऑफसेट’साठी मी सगळीकडे ‘भरपाई’ वापरलं. ‘लोण्यातल्या नफ्यानं भुकटीतला तोटा ऑफसेट झाला’ इथे ते बसलं; पण ‘दरवाढीचा लाभ पशुखाद्याच्या भाववाढीनं ऑफसेट झाला’ इथे ‘भरपाई’ कानाला खटकतं. असं का? आणि छापखान्यातला ऑफसेट तो हाच का?

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच. इंग्रजी क्रियापदाला दिशा नाही. दोन विरुद्ध परिणाम समोरासमोर आले आणि एकानं दुसऱ्याचा जोर काढून घेतला, एवढंच ते सांगतं. नफ्यानं तोटा खोडला तरी ऑफसेट आणि तोट्यानं नफा खोडला तरी ऑफसेट. मराठीत मात्र दिशा बघावी लागते. भरपाई होणं, भरून निघणं, भरून काढणं ही सगळी ‘भर’ घालणारी क्रियापदं आहेत. भर खड्ड्यात घालतात, उंचवट्यावर नाही. म्हणून तोटा, तूट, झीज भरून निघते. लाभ भरून निघत नाही.

लाभ नाहीसा होतो तेव्हा मराठी माणूस वेगळंच बोलतो. दूध घालणारा शेतकरी म्हणेल, ‘लिटरमागं दोन रुपये वाढले, ते पेंडीतच गेले.’ तुमच्या दुसऱ्या वाक्याचा यापेक्षा नेमका अनुवाद मला सुचत नाही. ‘पेंडीतच गेले’ या दोन शब्दांत आलेले पैसे, त्यांना फुटलेली वाट आणि हातात काही न उरणं हे सगळं येतं. अहवालाच्या भाषेत लिहायचं तर ‘पशुखाद्य महागल्यामुळे दरवाढीचा लाभ उरला नाही’ असं लिहा. मूळ इंग्रजीत ‘पार्शली’ (अंशतः) असेल, तर ‘लाभाचा काही भाग पशुखाद्यातच गेला’. वर्तमानपत्रं ‘महागाईनं पगारवाढ गिळली’ लिहितात, तेही चालतं, पण ताळेबंदाशेजारी ‘गिळली’ जरा भडक दिसतं.

‘भरपाई’त आणखी एक अडचण आहे. नुकसानभरपाई म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी काही देतं : विमा कंपनी देते, सरकार देतं, न्यायालय द्यायला लावतं. तो ‘कॉम्पेन्सेशन’चा प्रांत. ऑफसेटमध्ये देणारा-घेणारा असलाच पाहिजे असं नाही. दोन आकडे आपापसांत जिरले तरी पुरतं.

जिथे दोन्ही बाजूंना येणं-देणं असतं, तिथे आपल्याकडे फार चांगला शब्द रोजच्या वापरात आहे : वळतं करणं. साखर कारखान्यानं शेतकऱ्याला उधारीवर बेणं आणि खत दिलं, पुढे ऊस गाळपाला गेला, की कारखाना ती उधारी ऊसबिलातून वळती करून घेतो आणि उरलेले पैसे खात्यावर जमा होतात. पैसे एकदा शेतकऱ्याच्या हातात जाऊन परत येत नाहीत, कागदावरच वळतात. बँक थकलेलं कर्ज त्याच खातेदाराच्या ठेवीतून वळतं करते, तेही हेच. कायद्याच्या इंग्रजीत याला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. अशा वाक्यात कुणी ‘प्रतिसंतुलित केले’ लिहिलं की मला वाईट वाटतं. समोर जिवंत शब्द असताना मेलेला कशाला उचलायचा?

जुन्या हिशेबी भाषेत याच अर्थानं ‘मुजरा’ होता. रक्कम मुजरा देणं म्हणजे ती येण्यातून कमी धरणं. छत्रपतींच्या दरबारातला मुजरा आपल्याला आठवतो, हिशेबातला विसरला गेला. गुजराती व्यापारी आजही ‘मजरे आपवुं’ म्हणतात.

प्राप्तिकरात जरा जपून. शेअरमधला अल्पकालीन भांडवली तोटा अल्पकालीन किंवा दीर्घकालीन, कुठल्याही भांडवली नफ्यासमोर मांडता येतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यासमोर. उरलेला तोटा, विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर, पुढची ८ वर्षं ओढता येतो. याला ‘वजावट’ म्हणावंसं वाटतं, पण विमा हप्ता, भविष्य निर्वाह निधी यांच्या ‘डिडक्शन’साठी तो शब्द आधीच पक्का झाला आहे. दोन्हीकडे तोच वापरला तर वाचणारा गोंधळतो. सरकारी मराठी ‘समायोजन’ म्हणते. मला तो शब्द पातळ वाटतो, कारण अतिरिक्त शिक्षकांचंही समायोजनच होतं. ‘तोटा नफ्यातून वजा करून घेणं’ हे साधं वाक्य पुरेसं आहे.

आता छापखाना. शब्द तोच, पण अर्थाचं पान दुसरं. ऑफसेट छपाईत प्लेट कागदाला थेट टेकत नाही. प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. अशी शाई मूळ जागेवरून दुसरीकडे ‘उठते’ म्हणून ते नाव. १८७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पत्र्यावर छापण्यासाठी ही रीत आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आयरा रुबेल यांनी ती कागदासाठी वापरली. इथे तोलण्याचा, खोडण्याचा काहीच संबंध नाही. लग्नपत्रिका छापणारा ‘ऑफसेटवर काढू’ म्हणतो, तेव्हा भाषांतराच्या फंदात पडू नये.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दोन्ही अर्थ, तोल साधण्याचा आणि जागेवरून सरकण्याचा, एकत्र भेटतात. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमानं चालणाऱ्या, लेथवर टूल (धातू कापणारं हत्यार) झिजलं की २५.०० मिलिमीटरचा शाफ्ट २५.०३ येऊ लागतो. ऑपरेटर कंट्रोलच्या पडद्यावर त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात, एक्सला (व्यासाच्या दिशेला) उणे ०.०३ घालतो आणि पुढचा नग मापात येतो. टूल आत सरकवलं, म्हणजे जागेपासूनचं अंतर. आणि झीज भरून काढली, म्हणजे तोल. ‘ऑफसेट दिला’ हीच तिथली मराठी.

संरक्षण खरेदीतला ऑफसेट तिसराच. परदेशी कंपनीनं कंत्राटाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा भारतातल्या उद्योगात परत आणायचा. २०१६ च्या राफेल करारात तो ५० टक्के होता. नागपूरच्या मिहानमधला विमानांच्या सुट्या भागांचा कारखाना त्याच ओघात उभा राहिला. इथे शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा एका ओळीत खुलासा करावा. कार्बन ऑफसेटलाही तोच न्याय. ‘कार्बन भरपाई’ लिहिलं की झालेलं प्रदूषण पुसलं गेल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हवेत गेलेला वायू गेलेलाच असतो. तेवढंच उत्सर्जन दुसरीकडे टाळल्याचा किंवा शोषून घेतल्याचा दावा पैसे देऊन विकत घेतलेला असतो.

‘पासंग’ या शब्दाची शिफारस करायचा मोह मला आवरत नाही. तराजूची पारडी समान करायला हलक्या बाजूला जो दगड किंवा वजन बांधतात, तो पासंग. अगदी अस्सल तोल साधणारी वस्तू. पण ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ या वाक्प्रचारानं त्या शब्दाला क्षुल्लकपणाची छटा दिली आहे, त्यामुळे अहवालात नको. ललित लेखनात मात्र जरूर वापरा.

शेवटी व्याकरणाचं : भूतकाळीही रूप ‘ऑफसेट’च राहतं, ‘ऑफसेटेड’ नाही. आणि मूळ वाक्यात ‘बाय’ आहे की ‘अगेन्स्ट’ ते आधी बघा. ‘बाय’नंतर खोडणारा येतो, ‘अगेन्स्ट’नंतर ज्यातून वजा करायचं ते. यात उलटापालट झाली, तर संघाचा नफा तोटा होऊन छापला जाईल.