सनद होती, पदवी नव्हती

कोल्हापूर

चि. बाळ,
प्रभूच्या नावात सलाम.

सेरामपूर कॉलेजवरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. निम्म्याहून जास्त पानं विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्यानेच खाल्लीत! माणूस मोठा, यात वाद नाही. महाराष्ट्रात पाऊल न टाकता त्याने १८०५ साली मराठी व्याकरण छापलं, १८१० साली कोश, तोही मोडीत. पण त्याच्या मराठी कामामागे उभे असलेले पंडित वैजनाथ तुझ्याकडे एका ओळीतही नाहीत. त्यांना आधी जागा कर.

कॅरी आणि त्याचे सहकारी मिशनरी मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली कॉलेज काढलं. बंगालमधलं हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात, म्हणून १८२७ साली पदव्या देण्याची सनद मिळाली ती डॅनिश राजाकडून. तिथून तू थेट आजच्या पन्नासाहून अधिक संलग्न संस्थांवर उडी मारलीस. अरे, पहिली बी.डी. दिली गेली १९१५ साली! सनद हातात असून ईश्वरविज्ञानाची पदवी नाही, अशी ८८ वर्षं गेली. तुझा प्रबंध तिथे दडलाय. १८४५ साली डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकलं, तेव्हा सनदेचे हक्क करारात शाबूत राहिले. हे कलम नीट वाच, त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी ती सनद पुन्हा कामाला लावली. मग १९१८ च्या कायद्याने पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या सिनेटमध्ये बाप्टिस्टांबरोबर इतर पंथही बसले. माझ्या मते खरी वाढ इथून झाली. एकट्या मिशनच्या आवाक्यातलं ते कामच नव्हतं.

आपल्याकडेही हेच शोध. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला अनेक मिशनांनी मिळून उभी केली, १९८३ साली ती पुण्यात आली. का आली, कुणी काय सोडलं, हे विचार. इमारतींचे फोटो कमी लाव.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले १८५२ साली, म्हणजे मंडळीच्या जुन्या वह्यांत बरंच सापडेल. सेवानिवृत्त पाळकांना भेट. सेमिनरीतली शिकवणी मराठीत होती की इंग्रजीत, परत आल्यावर गावात प्रवचन कसं जमलं, हे विचार. रेकॉर्डर लगेच पुढे करू नकोस, चहा होऊ दे. नाहीतर सगळे उपदेशच करतील.

नवा आराखडा रविवारी उपासनेनंतर घेऊन ये. जेवूनच जा, पण दुपारी मी झोपतो.

तुझा,
काका